प्रवाळाचें दर्शन

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेंत उत्तरेकडील भिंतीशीं कांचेचें एक उंच कपाट आहे. त्याच्या मधल्या फळीवर, बाटलींतील बेडूक आणि वाळलेला तारामासा यांच्या शेजारीं, मुठीएवढा एक पांढराशुभ्र खडा ठेविलेला असे. त्याच्या सर्वांगावर बारीक नक्षीदार छिद्रें, आणि खालीं आमच्याच हस्ताक्षरांतील चिठ्ठी: ‘प्रवाळ. संघ निडारिया. मालवण.’ दरवर्षीं इयत्ता दहावीस प्राण्यांचें वर्गीकरण शिकवितांना आम्ही तो खडा वर्गांत हातोहात फिरवीत असूं आणि सांगत असूं कीं, “मुलांनो, हा दगड दिसतो, पण दगड नव्हे, हें असंख्य चिमुकल्या प्राण्यांनीं बांधलेलें घर आहे.” एवढें सांगून झालें कीं आम्ही पुढच्या संघाकडे वळत असूं, कारण चपटे कृमि, गोल कृमि आणि त्यांच्यामागें परीक्षा, अशीं सारीं रांगेंत उभीं असत.

२०२४ च्या पावसाळ्यांत हा पाठ चालला असतां तिसऱ्या बांकावरील एका मुलीनें तो खडा उलटसुलट करून पाहिला आणि विचारिलें, “सर, हें जिवंत असतांना कसं दिसतं? तुम्ही पाहिलंय का?”

वर्ग स्तब्ध झाला. शिक्षकाला उत्तर येत नाहीं असा क्षण विद्यार्थ्यांना फार प्रिय असतो, हें आमच्या वाचकांपैकीं जे विद्यार्थी आहेत त्यांस सांगावयास नको. आम्हीं खरें तें सांगितलें कीं, “नाहीं, पाहिलें नाहीं.” मुलगी “बरं सर” म्हणून खालीं बसली. तिच्या बोलण्यांत उपहास मुळींच नव्हता. परंतु बावीस वर्षें जी गोष्ट आम्ही डोळ्यांनीं पाहिल्याच्या थाटांत सांगत आलों होतों, ती आम्हीं फक्त पुस्तकांतून वाचलेली होती, ही जाणीव त्या दिवशीं डोंबिवलीच्या गाडींत उभे असतां आमच्या मनास सारखी टोंचीत राहिली.

तसें पाहिलें तर न पाहतां शिकविणारे आम्ही कांहीं पहिले नव्हों. चार्ल्स डार्विन हा १८३१ पासून १८३६ पर्यंत बीगल जहाजावरून पृथ्वीपर्यटन करीत असतां, प्रवाळांचीं कंकणाकृति बेटें कशीं बनत असावीं याविषयींचा आपला सिद्धान्त त्यानें दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असतांनाच, खरी प्रवाळभित्ति एकदांही न पाहतां, मनांत जुळविला होता, असें त्यानेंच आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. समुद्रांतील ज्वालामुखीचें बेट हळूहळू खालीं खचत जातें, आणि त्याच्या कांठचे प्रवाळ प्रकाशासाठीं तितक्याच हळूहळू वर वाढत राहतात; शेवटीं बेट बुडतें, कंकण तेवढें उरतें, असा तो सिद्धान्त. पण डार्विन तेवढ्यावर थांबला नाहीं. १८३६ च्या एप्रिल महिन्यांत तो हिंदी महासागरांतील कोकोस किंवा कीलिंग बेटांवर स्वतः उतरला, पाण्यांत शिरला, आणि मग १८४२ सालीं त्यानें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें १९५२ सालीं पॅसिफिक महासागरांतील एनिवेटोक बेटावर खोल विंधन घेतलें, तेव्हां बाराशें मीटरांहून अधिक खोलीपर्यंत प्रवाळांचा चुनखडकच लागला, आणि त्याखालीं ज्वालामुखीचा खडक सांपडला. डार्विननें आधीं विचार केला व मग पाहिलें. आम्हीं मात्र आधीं शिकविलें आणि मग पुन्हा शिकविलें. पाहण्याचा प्रश्न बावीस वर्षें निघालाच नाहीं.

न निघण्यास एक कारणही होतें, आणि तें सांगण्यास आम्हांस थोडा संकोच वाटतो. आम्हांस पाण्याचें भय आहे. सात-आठ वर्षांचे असतां कल्याणजवळच्या एका विहिरीच्या पायरीवरून आमचा पाय घसरला. कोणा अनोळखी गृहस्थानें केस धरून आम्हांस वर काढिलें. तेव्हांपासून गुडघ्याच्या वर पाणी आलें कीं आमची छाती भरून येते. आम्ही तळ्यांच्या गांवीं, ठाण्यास, शिकवितों, मासुंदा तलावाच्या कांठानें नित्य जातों, आणि त्यांतील नावेंत आजवर कधींही बसलों नाहीं. अशा मनुष्यानें समुद्रांत तोंड खालीं करून पालथें पडावें आणि तळ पाहावा, हें आमच्या कन्येस जितकें सोपें वाटलें तितकें आम्हांस वाटलें नाहीं.

तरी पण ठरलें. नाताळच्या सुटींत मालवणास जावयाचें, आणि तत्पूर्वीं निदान तरंगावयास शिकावयाचें. सप्टेंबरपासून आठवड्यांतून तीन दिवस, शाळा सुटल्यावर, आम्ही ठाण्याच्या एका तरणतलावावर जाऊं लागलों. तेथें आमचे सहाध्यायी सहा ते नऊ वर्षांचे होते. ते बेडकासारखे धपाधप उड्या टाकीत आणि सेहेचाळीस वर्षांचे आम्ही कठड्याची नळी दोन्ही हातांनीं धरून उभे असूं. त्यांतील एक चिरंजीव आमच्याच शाळेच्या प्राथमिक विभागांतील निघाले. त्यांनीं दुसऱ्या दिवशीं ही वार्ता शाळाभर केली. शिकविणारे गृहस्थ वयानें आमच्याहून लहान, पण शिक्षक म्हणून थोर. ते म्हणाले, “सर, पाण्याला धरायला जाऊं नका. तें धरतां येत नाहीं. अंग सैल सोडा, तें तुम्हांला धरील.” हें वाक्य समजण्यास आम्हांस सहा आठवडे लागले. नोव्हेंबरच्या अखेरीस आम्ही वीस आंकडे मोजीपर्यंत पालथे तरंगूं लागलों. त्या दिवशीं त्या बाळगोपाळांनीं टाळ्या वाजविल्या, हें कृतज्ञतापूर्वक नमूद करतों.

आतां मालवणच कां, असें कोणी विचारील. भारताच्या मोठ्या प्रवाळभित्ति अंदमान-निकोबार, लक्षद्वीप, मन्नारचें आखात आणि कच्छचें आखात येथें आहेत. आमच्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यास तशी अखंड भिंत नाहीं. विजयदुर्गापासून सुमारें शंभर किलोमीटर दूर, भर समुद्रांत, पाण्याखालीं बुडालेलें एक विस्तीर्ण पठार मात्र आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नांवावरून त्यास ‘आंग्रिया बँक’ म्हणतात, आणि त्यावर प्रवाळांची समृद्ध वस्ती आहे. परंतु त्याचा माथाही वीसएक मीटर खोल आहे. तेथें उतरणें हें हवेच्या टांक्या पाठीवर बांधणाऱ्या कसलेल्या पाणबुड्यांचें काम, तरणतलावांतील नवशिक्यांचें नव्हे. कांठावरून जाऊन, नाकाडोळ्यांवर कांच चढवून आणि तोंडांत नळी धरून पाहतां येतील असे प्रवाळ आपल्याकडे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर आहेत. १९८७ सालीं शासनानें तेथील सुमारें २९ चौरस किलोमीटर समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर केला. त्याच्या गाभ्यांतील सुमारें ३ चौरस किलोमीटर भाग किल्ल्याच्या भोंवतींचा आहे. त्या वेळीं तेथील मच्छीमारांनीं या घोषणेस मोठा विरोध केला होता, कारण ज्या पाण्यावर पोट त्या पाण्यावरच बंदी येईल अशी धास्ती त्यांस वाटली.

नाताळच्या दुसऱ्या दिवशीं, रात्रीं उशिरां, आम्ही, आमची पत्नी आणि कन्या ठाण्यास कोंकणच्या गाडींत बसलों. दिवा मागें पडलें, पनवेल गेलें, आणि रोह्याच्या पुढें ज्या मार्गावर १९९८ सालापासून गाड्या सलग धांवूं लागल्या त्या मार्गावरील बोगद्यांचा अंधार व नद्यांचें चांदणें झोंपेंत मिसळून गेलें. सकाळीं कुडाळ आलें, आणि तेथून एस्. टी. नें मालवण. धक्क्यावर उभें राहिलें कीं समोर किल्ला दिसतो. १६६४ सालीं शिवाजीमहाराजांनीं कुरटें बेटावर त्याचा पाया घातला, आणि तीन वर्षांत हा जलदुर्ग उभा राहिला. साडेतीनशेंहून अधिक वर्षें लाटा खात असलेला तो तट पाहून मनुष्याच्या हातांचें कौतुक वाटतें. पण दुसऱ्या दिवशीं त्याच तटाच्या पायथ्याशीं, त्याहून किती तरी सावकाश चाललेलें एक बांधकाम आम्ही पाहणार होतों.

आमचा वाटाड्या गाबीत समाजांतील, बावीस-तेवीस वर्षांचा तरुण होता. त्याचे आजोबा व वडील जाळीं टाकून जगले. हा पाहुण्यांना समुद्र दाखवून जगतो. त्यानें आमच्या अंगावर तरंगणारें जाकीट चढविलें, कांच डोळ्यांवर बसविली, नळी तोंडांत दिली आणि एकच ताकीद दिली, “सर, कायव झाला तरी खाली पाय टेकू नकात. ता जिता आसा.” कांहींही झालें तरी पाय टेकूं नका, तें जिवंत आहे. आम्हीं मान डोलाविली. बावीस वर्षें आम्हीही वर्गांत हेंच सांगत आलों होतों; त्यामुळें ही सूचना आपणांस नवी नाहीं, असेंच आम्हांस वाटलें.

होडीच्या कडेवरून पाण्यांत उतरलों. पहिला अर्धा मिनिट छाती धडधडत होती, आणि नळींतून येणारा आपलाच श्वास लोहाराच्या भात्यासारखा ऐकूं येत होता. मग आम्हीं तरणतलावावरील गुरूंचें वाक्य आठविलें, अंग सैल सोडिलें, आणि तोंड पाण्यांत घातलें.

विद्यार्थीमित्रहो, तुम्ही पडद्यावर पाहिलेलें निळेंशार पाणी व आरशासारखा तळ तेथें नव्हता, हें प्रथम सांगतों. पाणी हिरवट होतें. त्यांत बारीक कण तरंगत होते. आठ-दहा हातांपलीकडचें सारें धुक्यांत होतें. पण त्या धुक्यांतून काळसर खडप वर आला, आणि त्यावर आमच्या कपाटांतला खडा बसलेला होता. तो बसला होता असें म्हणतों, पण आम्हीं तो प्रथम ओळखिलाच नाहीं. कारण तो पांढरा नव्हता. तो मधाच्या रंगाचा होता. शेजारचा गोळा हिरवट, त्याच्या पलीकडचा जांभळट तपकिरी. कोणी टोपलीएवढे, कोणी डोक्याएवढे, आणि कांहीं पत्रावळीच्या द्रोणासारखे पसरट व कडांशीं वर वळलेले. त्यांच्या पाठीवर जीं छिद्रें आम्ही बोटानें दाखवीत आलों, त्यांपैकीं कांहींच्या तोंडाशीं मखमलीची लव असावी तसें कांहीं तरी हलत होतें. तेच ते चिमुकले प्राणी, ज्यांस पॉलिप म्हणतात. वर पिवळसर अंगावर पांच काळे पट्टे असलेल्या माशांचा थवा आमच्या हाताजवळून बेधडक गेला. एक पोपटमासा आपल्या चोंचीनें खडक कुरतडीत होता, आणि त्याचा ‘कट् कट्’ आवाज पाण्यांतून स्पष्ट ऐकूं येत होता. ज्या वस्तूस आम्ही मुका खडा समजत होतों तिच्या भोंवतीं इतकी गजबज होती, कीं ठाणें स्टेशनाची आठवण व्हावी.

येथें थोडें शास्त्र सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. शिक्षकाची ही खोड वाचकांनीं क्षमा करावी. प्रवाळ ही वनस्पति असावी असें पूर्वीं विद्वानांसही वाटे. मार्सेय येथील पेसोनेल नांवाच्या वैद्यानें १७२० नंतरच्या दशकांत समुद्रकांठीं राहून निरीक्षण केलें आणि तो प्राणी आहे असें प्रतिपादिलें, तेव्हां पॅरिसच्या पंडितांनीं त्याचें म्हणणें मानलें नाहीं. आपण अंगठींत वा माळेंत घालतों तें लाल पोवळें बहुधा भूमध्यसमुद्रांतील एका निराळ्या जातीचें असतें. भिंत बांधणारे प्रवाळ ते हे नव्हत. या भिंत बांधणाऱ्या पॉलिपच्या पेशींत सूक्ष्म शैवालें राहतात. तीं सूर्यप्रकाशांत अन्न तयार करतात आणि त्याचा मोठा वांटा यजमानास देतात. यजमान त्यांस आसरा देतो व आपल्या बुडाशीं चुन्याचें घर बांधीत जातो. रंग दिसतो तो बहुतेक या पाहुण्यांचाच. समुद्राचें पाणी नेहमींच्या उन्हाळ्यापेक्षां एखादा अंश जरी अधिक तापलें आणि कांहीं आठवडे तसेंच राहिलें, तरी ही भागीदारी मोडते. शैवालें बाहेर पडतात, आणि मागें पांढरा सांगाडा दिसूं लागतो. पाणी लौकर निवलें तर प्रवाळ सावरतो. नाहीं तर उपासानें मरतो. अशी जगभर पसरलेली सांथ प्रथम १९९८ सालीं आली, मग २०१० सालीं, मग २०१४ ते २०१७ या काळांत, आणि २०२३ पासून चौथी सुरू झाल्याचें २०२४ च्या एप्रिलांत शास्त्रज्ञांनीं जाहीर केलें. म्हणजे आमच्या कपाटांतील जो शुभ्रपणा पाहून मुलें “किती सुंदर!” म्हणत, तो प्रेताचा शुभ्रपणा होता.

हा विचार मनांत येत असतां एक लहानशी लाट आली आणि नळींतून खारें पाणी घशांत शिरलें. घडलें तें इतकेंच. अशा वेळीं काय करावें हें आम्हांस शिकविलेलें होतें: जोरानें फुंकावें, नळी मोकळी होते. पण चाळीस वर्षांपूर्वींची विहीर एका क्षणांत आमच्या भोंवतीं उभी राहिली. आम्हीं हात झाडले, अंग उभें केलें आणि दोन्ही पाय खालीं सोडिले. डाव्या टाचेखालीं कांहीं तरी लागलें. आम्हीं त्यावर सगळा भार टाकिला, आणि तें कौलासारखें मोडलें. आवाज झाला नाहीं. पण टाचेस तें मोडणें कळलें, आणि अजून कळतें.

तरुणानें आमच्या जाकिटाची दोरी धरून आम्हांस होडीशीं नेलें. आम्ही खोकत होतों. आमची पत्नी घाबरी होऊन, “बस्स झालं आतां, वर या,” म्हणत होती. तो मात्र एकही शब्द न बोलतां परत फिरला आणि बुडी मारून खालीं गेला. वर आला तेव्हां त्याच्या हातांत तळहाताएवढा एक द्रोणाचा तुकडा होता. कडेस तपकिरी, आणि मोडला होता तेथें शुभ्र पांढरा. आम्ही जन्मभर दाखवीत आलों तोच पांढरा रंग. असे पसरट प्रवाळ फार सावकाश वाढतात. वर्षाकाठीं सेंटीमीटरभर, किंवा त्याहूनही कमी. म्हणजे पांच-दहा वर्षांचें, कदाचित् त्याहूनही अधिक वर्षांचें, काम आमच्या एका टाचेखालीं संपलें. तुकडा क्षणभर आम्हांस दाखवून तो पुन्हा खालीं गेला. कन्येनें कांच लावून पाहिलें आणि सांगितलें, “बाबा, तो तुकडा तो खडकाच्या फटींत घट्ट बसवतोय.”

वर आल्यावर आम्हीं त्याची क्षमा मागितली. तो ओशाळला. वडील माणसानें क्षमा मागावी हें त्यास रुचलें नसावें. “जगला तर जगात, सर,” एवढेंच तो म्हणाला. मग होडी परत येतांना हळूहळू बोलूं लागला. प्रत्येक सुटींत शेंकडों माणसें येतात. त्यांतील बरींच भिऊन पाय टेकतात. कोणी छायाचित्रासाठीं मुद्दाम उभें राहतें. कोणी मासे जमावे म्हणून पाव टाकतें. होडीचा नांगर चुकीच्या जागीं पडला तर एका वेळीं दहा टांचांचें काम करतो. “आणि आमकाच ह्या पाण्यावर पोट भरूचा आसा,” असें तो म्हणाला, तेव्हां १९८७ सालीं त्याच्या आजोबांना वाटलेली धास्ती आणि याची धास्ती एकच आहे असें आम्हांस वाटलें. आजोबांना पाणी हातचें जाईल अशी भीति होती. नातवाला पाण्याखालचें जाईल अशी भीति आहे.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. मोडलेल्या द्रोणापेक्षां कपाटांतील खडा आम्हांस अधिक छळीत होता. तो खडा आमच्याकडे कसा आला? २००८ सालच्या दिवाळीच्या सुटीनंतर एका विद्यार्थ्यानें तो आणिला होता. त्याचें आजोळ मालवणचें. आम्हीं तो वर्गापुढें उंच धरिला, मुलाची पाठ थोपटली, आणि पन्नास रुपयांचें एक पुस्तक बक्षीस दिलें. भारतीय वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत, म्हणजे वाघाच्या पंक्तीस, भिंत बांधणाऱ्या प्रवाळांचा समावेश २००१ सालींच झाला होता, हें विज्ञानाच्या शिक्षकास ठाऊक नव्हतें! आमच्या एका टाचेनें एक द्रोण मोडला. पण आमच्या त्या शाबासकीनें पुढें किती मुलांस समुद्रकांठीं हात घालावयास शिकविलें असेल, याचा हिशेब कोण करणार?

जानेवारींत तो विद्यार्थी आम्हांस डोंबिवली स्टेशनावर भेटला. आतां तो तेथील औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्याच्या प्रयोगशाळेंत कामास आहे. आम्हीं त्यास मालवणची हकीकत सांगितली आणि त्या खड्याविषयीं विचारिलें. तो हंसला व म्हणाला, “सर, तो ओहोटीला पहारीनं फोडला होता मी. तेव्हां तो पांढरा नव्हता हो. वर बुळबुळीत कांहीं तरी होतं, आणि घरीं आणल्यावर वास इतका यायला लागला कीं आजीनं चार दिवस अंगणाबाहेर उन्हांत टाकला. मग कुठं असा स्वच्छ झाला.”

तो वास आमच्या वर्गापर्यंत आला नव्हता. आम्ही म्हणालों, “चूक माझी झाली. तुला शाबासकी द्यावयास नको होती.”

एकवचनी ‘माझी’ आमच्या तोंडून कशी निघाली कोण जाणे. तो एकदम गंभीर झाला. “असं म्हणूं नका, सर,” तो म्हणाला. “त्याआधीं शाळेंत माझं नांव फक्त हजेरीला निघायचं. त्या दिवशीं तुम्ही सगळ्यांसमोर नांव घेतलंत, म्हणून मी विज्ञानाकडे वळलों.” आम्हांस कांहीं उत्तर सुचेना. गाडी आली, तो चढला, दारांतून हात हालविला, आणि गर्दींत दिसेनासा झाला.

यावर आम्हीं पुष्कळ विचार केला आहे. त्या मुलाचें नांव वर्गापुढें घेतलें ही चूक नव्हती. तें घ्यावयासच हवें होतें. चूक ही कीं आम्हीं त्याच्या हातांतील वस्तूचें कौतुक केलें, त्याच्या डोळ्यांचें केलें नाहीं. “तूं तेथें काय पाहिलेंस? तें कोणत्या रंगाचें होतें? वास कां आला?” असे तीन प्रश्न आम्हीं विचारिले असते, तर त्या दिवशीं सगळ्या वर्गास प्रवाळ कळला असता, आणि आम्हांसही सोळा वर्षें आधीं कळला असता. त्यानें खरी माहिती आणिली होती. आम्हीं ती न विचारतां सांगाडा तेवढा ठेवून घेतला.

म्हणून यंदां आम्हीं इयत्ता नववीस नवा नियम घालून दिला आहे. सुटींतून येतांना कोणीही कांहींही आणावयाचें नाहीं. पाहिलेल्या एका जिवंत गोष्टीविषयीं एक पान लिहून आणावयाचें. पहिलें बक्षीस एका मुलास मिळालें. त्यानें ठाण्याच्या खाडीवर सलग चार रविवार जाऊन रोहित पक्षी मान उलटी करून कसे खातात हें लिहिलें होतें. या खाडीस २०२२ सालीं जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान मिळाला आहे. तिच्यावरून आपण रोज गाडीनें जातों, आणि रोज दुसरीकडे तोंड करून उभे राहतों. एका मुलीनें आपल्या गच्चीवरील मुंग्यांविषयीं लिहिलें. तिला दुसरें बक्षीस मिळालें, आणि आमच्या मतें दोघांत फारसें अंतर नव्हतें.

मालवणास पुढें कोणी गेलात तर आमची एकच विनंती आहे. आधीं तरंगावयास शिका. भय वाटत असेल तर आमच्याप्रमाणें लहान मुलांत उभे राहून शिका, त्यांत कमीपणा नाहीं. ज्यास तरंगतां येत नाहीं तो पाय टेकणारच, मग मनानें तो कितीही सज्जन असो. आणि पाण्यांतून रिकाम्या हातानें वर या.

राहतां राहिला कपाटांतील खडा. मुख्याध्यापकांच्या संमतीनें वनखात्यास त्याविषयीं पत्र लिहिलें आहे, आणि उत्तर येईपर्यंत तो कापसांत गुंडाळून कुलपांत ठेविला आहे. मधल्या फळीवर त्याची जागा मोकळी आहे. ज्या मुलीनें प्रश्न विचारिला होता ती शाळा सोडण्यापूर्वीं एकदां प्रयोगशाळेंत आली आणि त्या मोकळ्या जागेकडे पाहूं लागली. “सर, मग पाहिलंत का?” तिनें विचारिलें. आम्ही म्हणालों, “पाहिलें. मधाच्या रंगाचें असतें.” मग द्रोणाची गोष्टही तिला सांगितली, कांहीं न वगळतां. जातांना तिनें चिठ्ठीकडे बोट दाखवून म्हटलें, “सर, हिच्यावरचं बदलायला हवं.” तें खरें होतें. तिच्यासमोरच आम्हीं नवी चिठ्ठी लिहिली आणि रिकाम्या जागीं ठेविली: ‘प्रवाळ. संघ निडारिया. मालवणच्या समुद्रांत पाहावा.’